केदार नावाचं क्रियापद

नोव्हेंबर लागला की नागपुरातल्या आमच्या नंदनवन वस्तीच्या रस्त्यावर संत्र्यांच्या हातगाड्या यायला लागतात. गाडीवाला कोपऱ्यावर उभा राहून एखादं फळ सोलतो आणि तो वास खिडकीतून सरळ आत येतो. आंबटगोड, जरासा तेलकट, डोळ्यांत किंचित चुरचुरणारा. माझी सत्तरी उलटून गेली आहे. पण हा वास आला की मी एकवीस वर्षांची होते, माझ्या हातात निळ्या कागदाचं एक पत्र असतं, आणि मला ते वाचता येत नसतं.

संत्र्यांचा वास म्हणजे आमच्या घरात मायचा वास. बाबा खापरखेड्याच्या पॉवर हाउसमध्ये बॉयलरवर होते. मी आठवीत असताना ते गेले. क्वार्टर सोडावं लागलं आणि आम्ही इथं आलो. तेव्हा नंदनवनात घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त होते. दोन खोल्या, वर टिन, मागं बाभळी. मायनं संत्रा मार्केटात फळं निवडायचं काम धरलं. दिवसभर ढिगासमोर बसून मोठं वेगळं, बारकं वेगळं, डागी वेगळं करायचं आणि चांगली फळं भाताच्या तणसात लावून पेट्या भरायच्या. संध्याकाळी ती घरी आली की तिच्या बोटांना, पदराला, केसांनासुद्धा तो वास असे. हंगाम संपला की ती मिरच्यांचे देठ खुडायला जाई, आणि मग त्या दिवसांत तिच्याजवळ बसलं की शिंका येत.

माय-बाबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी मायच्या कडेवर होते, असं ती सांगायची. त्या दिवसापासून तिनं आम्हा दोघा भावंडांबद्दल एकच गोष्ट मनात धरली होती. पोरांना वाचता आलं पाहिजे. तिला स्वतःला अक्षर ओळखता येत नव्हतं.

भाऊ म्हणजे मिलिंद, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. बाबांसारखेच त्याचे हात यंत्रात रमायचे. आयटीआय करून तो मुंबईला गेला आणि एका मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये लागला. ज्या गावापासून समुद्र कोणत्याही दिशेला शेकडो कोस दूर, त्या नागपूरचा पोरगा खलाशी झाला, याचं मोहल्ल्याला फार नवल वाटे. दोन वर्षांनी त्याचं जहाज दुरुस्तीसाठी स्पेनच्या किनाऱ्यावरच्या एका लहान बंदरात अडकून पडलं. चार महिने. जहाज सुटलं तेव्हा भाऊ त्यावर नव्हता. तिथंच एका मासेमारी बोटीच्या इंजिनावर त्याला काम मिळालं होतं आणि पिलार नावाची एक मुलगीही. त्यानं मायला लिहिलं, "लग्न केलं. रागावू नको. ती तुझ्यासारखीच दिवसभर बसून निवडते, फक्त मासळी." माय दोन दिवस नेहमीसारखी कामावर गेली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मंग कामाची आहे म्हणजे."

वर्षातून दोन-तीन पत्रं येत. एकदा फोटो आला. लोकरीची काळी टोपी घातलेला भाऊ, आणि त्याच्या हातात गुंडाळलेलं एक बाळ, फक्त नाक दिसत होतं. माय त्या नाकाकडे पाहून म्हणायची, "आपलंच आहे वं."

आणि मग त्या नोव्हेंबरात ते पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर भावाचं नव्हतं. आत पाच ओळी होत्या, मोठ्या, वाकड्यातिकड्या अक्षरांत, आणि खाली पिलारचं नाव.

"वाच," माय म्हणाली.

"माय, हे इंग्रजी नाही आहे. स्पेनच्या भाषेत आहे."

"तू बी. ए. करून राहिली ना? मंग वाच."

तिच्या दृष्टीनं वाचता येणं म्हणजे वाचता येणं. त्यात कुठली भाषा हा प्रश्न कुठून आला? मी तिला नाही म्हणू शकले नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून सुटल्यावर बर्डीच्या बाजारात फूटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात दीड तास बसले. तळहाताएवढा एक स्पॅनिश-इंग्रजी शब्दकोश मिळाला. पहिली सोळा पानं गायब होती.

ती भाषा मला काहीच देईना. पत्रातला शब्द कोशात शोधायचा तर तो तिथं नसायचा. केदो, केदा, केदामोस असे शब्द पत्रात जवळजवळ प्रत्येक ओळीत होते आणि कोशात एकही नाही. तीन संध्याकाळी मी स्वयंपाकाच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून पानं उलटत होते. मग चौथ्या दिवशी लक्षात आलं, आपण 'गेलो' कोशात शोधत नाही, 'जाणे' शोधतो. या सगळ्या रूपांचा बाप एकच असणार. मी आनंदानं ओरडले, "माय, केदार सापडला!"

"कोणता केदार?" माय आतून म्हणाली. "मागच्या गल्लीतला? हरवला होता का तो?"

कोशात केदारपुढं फक्त दोन शब्द होते. त्यांचा अर्थ मराठीत एकच, राहणे. मला हायसं वाटलं. एक किल्ली मिळाली आणि ती पाचही कुलपांना लागत होती. मी वहीत लिहून काढलं, मिलिंदचं तिनं केलेलं मिलिनही तसंच ठेवून:

मिलिन समुद्रावर राहिला. मी इथे मुलीबरोबर राहते. बापाची टोपी तिला मोठी राहते. आम्ही राहतो तुम्हाला भेटायला जायचं संत्र्यांच्या वेळी. आता मला तुम्हाला सांगायचं जास्त काही राहत नाही.

खरं सांगायचं तर वाचताना मी दोनदा अडले होते. पत्र भावानं का लिहिलं नाही? पहिलीच ओळ अशी का? पण माय समोर बसली होती, हात मांडीवर ठेवून, मान थोडी पुढं. तिच्या पोरीला परदेशचं पत्र वाचता येतं, या गोष्टीनं तिचा चेहरा उजळला होता. मी मधल्या फटी बुजवल्या. म्हणाले, "भाऊ लांबच्या फेरीवर गेला आहे समुद्रावर, म्हणून वहिनीनं लिहिलं. ती आणि पोरगी घरी आहेत. पोरीले बापाची टोपी मोठी होते. आणि ते सगळे संत्र्याच्या हंगामात आपल्याले भेटायला येणार आहेत."

माय उठून उभी राहिली. "येऊन राहिले?" ती म्हणाली. "संत्र्याच्या हंगामात म्हणजे आताच की वं!"

ते दोन महिने मला अजून दिवसांच्या हिशेबानं आठवतात. मायनं टिनाचं छप्पर नीट करून घेतलं. माझ्या जुन्या पोलक्याचं झबलं शिवलं, मग पोरगी आता वर्षाची झाली असेल म्हणून ते उसवून मोठं केलं. मार्केटात तिच्या ओळीत बसणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत झालं होतं की हिची नात समुद्रापलीकडून येऊन राहिली आहे. रोज निवडताना एखादं घट्ट सालीचं, टिकणारं फळ ती बाजूला काढी आणि घरी आणून खाटेखाली तणसात ठेवी. चार-पाच दिवसांनी ते मऊ पडलं की आम्ही ते खायचो आणि त्या जागी ताजं यायचं.

मला तिनं शब्द विचारले. आजीला काय म्हणतात? आबुएला, मी कोशाच्या मागच्या, इंग्रजी-स्पॅनिश भागात पाहून सांगितलं. ती दिवसभर "आबेला, आबेला" घोकत राहिली. संत्र्याला काय म्हणतात? मी अक्षरं लावून वाचलं, नरंजा. तशी ती हसली. "नारंगीच तं आहे. काहून ते पुस्तक घेऊन बसली?"

डिसेंबर गेला. कोणी आलं नाही. मार्केटातले ढीग लहान होत चालले. पण मायनं खाटेखाली फळं ठेवणं थांबवलं नव्हतं. मला वाटलं, निदान ते येतील तेव्हा वहिनीशी दोन वाक्यं नीट बोलता यावीत. कॉलेजातल्या एका मॅडमनी सांगितलं, कामठी रोडवरच्या एका धर्मादाय दवाखान्यात एक म्हातारी सिस्टर आहे, मूळची स्पेनची. जानेवारीच्या एका सकाळी पत्र वहीत घालून मी सायकलवर निघाले. थंडीनं हँडलवरची बोटं बधिर झाली होती.

तिचं नाव मेर्सेदेस. पण सगळे पेशंट तिला मर्सीबाई म्हणत. ठेंगणी, पांढरे केस, हातात पट्ट्यांचा ट्रे. मी इंग्रजीत सुरुवात केली तशी ती म्हणाली, "काहून आली वं? ताप आहे का?" चाळीस वर्षं तिनं इथल्याच बायांच्या जखमा बांधल्या होत्या, भाषाही तिनं त्यांच्याचकडून घेतली होती. मी हसले आणि म्हणाले, मला स्पॅनिश शिकायची आहे. मग आमच्याकडे आलेलं पत्र दाखवलं, माझं भाषांतर तपासाल का म्हणून.

तिनं चष्मा लावला. पाच ओळी वाचायला किती वेळ लागतो? ती खूप वेळ वाचत होती. मग तिनं विचारलं, "तुह्या मायले काय सांगितलं तू?"

मी वही पुढं केली. तिला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून मी मोठ्यानं वाचलं. तिनं ट्रे बाजूला ठेवला आणि बाकावर मला शेजारी बसवलं. "केदार लय मोठा शब्द आहे," ती म्हणाली. "एका अर्थात बसत नाही. खालून वर येऊ."

शेवटच्या ओळीपासून तिनं सुरुवात केली, हे मला तेव्हा विचित्र वाटलं. आता कळतं की ती वेळ काढत होती. शेवटच्या ओळीत केदार म्हणजे उरणे, शिल्लक असणे. मला सांगण्यासारखं आणखी काही उरलं नाही. मग टोपीची ओळ. कपडा अंगाला कसा बसतो हेही केदारनंच सांगतात. "ले केदा ग्रांदे," तिनं वाचलं. "हे 'ले' पाह्य. तुम्ही म्हणता ना, तिले, त्याले? तसंच. तिले मोठी होते." तिच्या चेहऱ्यावर क्षणभर शिक्षिकेचा आनंद आला आणि लगेच गेला.

"हे मधलं," ती पुढं म्हणाली, "केदामोस. दोघं मिळून काही ठरवलं, की आमच्यात केदार म्हणतात. पाच वाजता भेटायचं ठरवलं, केदामोस. पण आता ठरवतो आणि तेव्हा ठरवलं होतं, दोन्हीले रूप एकच. ते कोणतं, हे बाकीच्या पत्रावरून समजते."

"म्हणजे ते येणार नाहीत?"

"ठरवलं होतं, असं लिहिलं तिनं. संत्र्याच्या दिवसांत तुमच्याकडे यायचं, असं त्या दोघांनी ठरवलं होतं."

दुसऱ्या ओळीवर तिनं नुसतं बोट ठेवलं. मी इथंच राहते, पोरीला माझ्याजवळ ठेवते. तिथं केदारमध्ये राहणं आणि जवळ ठेवणं दोन्ही होतं. मग पहिली ओळ उरली. से केदो एन ला मार.

"एन म्हणजे वरही होते आणि आतही होते," मर्सीबाई म्हणाली. मग तिनं माझा हात धरला. तिचे हात औषधानं खरखरीत झाले होते. "आमच्या किनाऱ्यावर मेला म्हणत नाही, पोरी. बोट परत आली नाही, माणूस मिळाला नाही, तं म्हणतात, तो समुद्रात राहिला. त्या पिलारले वाटलं, एवढं लिहिलं की समजते. तिथं लहान लेकरालेही समजते."

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाया रांगेत बसल्या होत्या. कोणाचं तरी मूल इंजेक्शनच्या भीतीनं रडत होतं. मी त्या अक्षरांकडे पाहत होते. ती दोन महिने माझ्या वहीत होती, आणि मी खाऊन-पिऊन झोपत होते.

घरी आले आणि सांगितलं नाही. आठ दिवस. रोज सायकलवरून परतताना ठरवायचे आणि रोज माय पाट पुढं सरकवून म्हणायची, "बस, भाजी गरम आहे." मला कोशाची चूक म्हणायची सोय होती. सोळा पानं नसलेला कोश, दोनच अर्थ. पण तो कोश काही म्हणाला नव्हता की भाऊ लांबच्या फेरीवर आहे. ते मी म्हणाले होते. माझ्या मायनं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या तोंडून वाचून घेतलं, रेशन कार्ड, दवाखान्याची चिठ्ठी, बाबांच्या ऑफिसचे कागद. मी शिकले ते तिला पुन्हा कोणी चुकीचं वाचून दाखवू नये म्हणून. आणि ते मीच केलं होतं.

नवव्या दिवशी रविवार होता. माय उन्हात बसून खाटेखालची फळं पाहत होती, कोणतं मऊ पडलं ते.

"माय, मी पत्र चुकीचं वाचलं."

तिनं वर पाहिलं नाही. "कोणती ओळ?"

"पयली."

तिच्या हातातलं संत्रं हातातच राहिलं. "काय आहे मंग?"

"भाऊ समुद्रात राहिला."

मी 'वर'च्या जागी 'त' म्हटलं, एवढंच. तिला दुसरं काही सांगावं लागलं नाही. तिनं संत्रं खाली ठेवलं, मग उचललं, मग पुन्हा ठेवलं. ती म्हणाली, "तुले वाचता येते म्हणून मी मानलं वं." त्या वाक्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. शेजारणी आल्या, विहारातून लोक आले, फोटोसमोर मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली. माय सगळ्यांत बसली, उठली. चौथ्या दिवशी सकाळी चुलीपुढं बसून तिनं विचारलं, "बाकीच्या ओळी? त्या तं बरोबर आहेत?"

मी सगळ्या सांगितल्या, एक एक करून, मर्सीबाईनं सांगितल्या तशा. पोरीला जवळ ठेवते, या ओळीवर तिनं मला थांबवलं. "म्हणजे इकडं पाठवणार नाही?"

"नाही, माय."

तिनं विस्तवात एक लाकूड पुढं सारलं. मला वाटलं आता ती म्हणेल, लिही, माझी नात मला पाठव. दोन महिने तिनं त्या पोरीसाठी घर लावलं होतं. पण ती म्हणाली, "माय आहे ते. ठेवन नाही तं काय करन." मग माझ्याकडे पाहिलं. "तिले उत्तर लिही. पण पयले नीट शिक. आता चुकलं तं चालणार नाही."

म्हणून मी शिकले. दर शनिवारी कामठी रोडवर, दोन वर्षं. मर्सीबाई पट्ट्या गुंडाळायची आणि मी रूपं म्हणायचे. पुढं मायच्या तोंडून ऐकून मी पिलारला अकरा वर्षं पत्रं लिहिली. झबलं आम्ही पार्सलनं पाठवलं, ते पोरीला लहान झालं होतं, पण तिनं बाहुलीला घातलं असं पिलारनं कळवलं. पोरगी लिहायला लागली तेव्हा पत्राच्या तळाशी स्वतःच्या हातानं एक ओळ लिहू लागली. माय ती ओळ मला दोनदा वाचायला लावायची, आणि वाचताना माझ्या तोंडाकडे बघायची, मी काही मिसळत तर नाही ना म्हणून. मी कधीच मिसळलं नाही. माय गेल्यावर दोन-तीन वर्षं पत्रं चालली. मग पिलारनं घर बदललं असावं, माझी दोन पत्रं परत आली. आज ती पोरगी पन्नाशीला आली असेल. मी तिला कधी पाहिलं नाही. संत्र्यांचा वास आला की मी तिच्या वयाची बेरीज करते.

पण मला सांगायचं होतं ते पहिल्या उत्तराबद्दल, जे मी शिकणं सुरू असतानाच मर्सीबाईकडून तपासून घेऊन पाठवलं होतं. मायनं पहिल्या पत्रात एकच गोष्ट विचारायला लावली होती. कोणता दिवस होता? विहारात भावाच्या नावानं पुण्यानुमोदन करायचं तर दिवस लागतो, असं तिनं कारण दिलं. मार्चमध्ये पिलारचं उत्तर आलं. सप्टेंबरातला एक मंगळवार. बोट पहाटे निघाली होती आणि दुपारी हवा फिरली.

मायनं तारीख दोनदा म्हणून घेतली. मग तिच्या कपाळावर आठी पडली, काहीतरी फार लांबचं ओढून आणताना पडते तशी.

"त्या दिवशी मी काय करून राहिली होती वं?"

"आठवत नाही, माय. रोजचंच असन."

"स्वयंपाक केला असन," ती स्वतःशीच म्हणाली. "जेवली असन. मले काहीच कसं नाही समजलं?" आणि मग, अगदी हळू, "मी हसली असन का त्या दिवशी?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण मी आत गेले आणि कॉलेजची वही काढली. मी प्रत्येक पानावर तारीख घालत असे. त्या मंगळवारचं पान चिखलानं माखून वाळलं होतं, अर्धी अक्षरं पुसट झाली होती. पाहता पाहता सगळं समोर उभं राहिलं. त्या पावसाळ्यात कामावर जायची बस चुकते म्हणून मायनं माझी सायकल शिकायचं मनावर घेतलं होतं. मागच्या मोकळ्या प्लॉटवर, लुगडं खोचून, पन्नाशीच्या घरातली माझी माय, आणि मागं कॅरिअरला लावलेली माझी वही.

वही घेऊन मी बाहेर आले आणि तिच्याजवळ बसले.

"हसली होती, माय. लय हसली होती."

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात मला आधी भीती दिसली, आणि मग भीतीच्या मागून दुसरं काहीतरी आलं, ज्याला मी आजवर शब्द शोधला नाही. ती सरकून जवळ आली. तिनं चिखलाच्या पानावर हात ठेवला.

"काहून हसली होती मी?" ती म्हणाली. "सांग. सगळं सांग. जसं झालं तसं."

आणि मी सांगायला लागले, तू पायडलवर पाय ठेवला आणि म्हणाली, सोडू नको वं, आणि मी सोडलं.